एकशे बारावी रांग

कपाच्या कानाला काळा दोरा अजून तसाच आहे — अकरा गाठी, शेवटची जरा सैल... ती नखाने चाचपून बघते. ती गाठ मारली त्या दिवशी बाबा म्हणाले होते, "अगं, हा माझा चहाचा कप आहे की तुझा पेशंट?" आणि मग लोंबणारे दोरे बोटाने बाजूला सारत त्याच कपातून चहा प्यायले होते. सर्जरीच्या पहिल्या वर्षी सरावासाठी सगळेच मिळेल त्याला गाठी मारत सुटतात. कुणी खुर्चीच्या पायाला, कुणी कपाटाच्या कडीला. तिला कप सापडला होता. आता तो रेसिडेंटांच्या खोलीत, कॉम्प्युटरशेजारी, पेनं ठेवायला.

पडद्यावर तिच्या प्रबंधाचा तक्ता. आतड्याची कापलेली टोकं जोडताना एक पदर शिवावा की दोन — दोनशे पेशंट, दोन वर्षं. शेवटचा रकाना: ऑपरेशननंतर तीस दिवसांच्या आत मृत्यू. असेल तर एक, नसेल तर शून्य. पाचच्या आत तक्ता पाठवायचा आहे, आणि एकशे बाराव्या रांगेत तो रकाना कोरा आहे. वय एकसष्ट, पुरुष, एक पदर. नावं तक्त्यात नसतात.

बाबा एकतिसाव्या दिवशी गेले.

कुठेतरी रेघ मारावीच लागते, हे वाक्य तिचंच, नियम लिहितानाचं. एकतिसाव्या दिवशी गेला तर, असं कुणीतरी विचारलं होतं. मग तो आपल्या लेखी जिवंत, ती म्हणाली होती, आणि सगळे हसले होते...

सर दारातून डोकावतात. बाबांचं ऑपरेशन त्यांनीच केलं होतं.

"अडलंय कुठे?"

"एकशे बारा, सर."

ते डोक्यावरच्या टोपीची नाडी सोडवत राहतात. "नियमाने शून्य. पण हवं तर ती केस गाळू. घरचा पेशंट म्हटल्यावर कुणी काही म्हणणार नाही."

"गाळायची नाही, सर."

"मग भर शून्य. आणि काहीतरी खाऊन घे. आरशात बघितलंयस का स्वतःला?"

गाळलं तर बाबा नव्हतेच. शून्य भरलं तर ते सुखरूप... पण अडलंय ते इथे नाहीच. अठ्ठाविसाव्या दिवशी, श्वासाचं मशीन थांबवायचं का, असं सरांनी विचारलं, तेव्हा आईने माझ्याकडे बघितलं — डॉक्टर म्हणून, लेक म्हणून, कोण जाणे — आणि मी म्हणाले, अजून तीन दिवस बघू. दोन नाही, आठवडा नाही, तीन. नव्या औषधाला तेवढा वेळ द्यायला हवा, असं मी सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण अठ्ठावीस अधिक तीन करायला मला बोटं मोजावी लागत नाहीत.

फोन वाजतो. आई.

"जेवलीस?"

"हो."

"थापा मारू नकोस." मग बराच वेळ भांड्यांचा आवाज. "त्यांचं कपाट आवरत होते. एक सांगू? तुझ्या त्या तीन दिवसांत मी त्यांना सगळं बोलून घेतलं बघ. पस्तीस वर्षांचं साठलेलं. उलट उत्तर द्यायची सोयच नव्हती त्यांना." आई हसते, मग नाक ओढते. "तू म्हणालीस म्हणून मिळाले गं ते."

आई, ते मी कुणासाठी मागितले मला माहीत नाही... हे मनातच ठेवून ती फोनवर म्हणते, "हो."

फोन ठेवून ती शून्य भरते. वर एकशे अकरा, शून्य. खाली एकशे तेरा, शून्य. रकानाभर शून्यं, सगळी तिनेच भरलेली, तिसाव्या दिवशी घरोघरी फोन करून — आहेत ना? आहेत. बरं. प्रत्येक वेळी पलीकडचं माणूस आणखी काहीतरी सांगू बघायचं, आणि तिच्यापुढे दुसऱ्या नंबरांची यादी असायची.

पाचला सात मिनिटं कमी आहेत. तक्ता पूर्ण आहे. बोट सैल गाठीवर ठेवून ती त्या रकान्याकडे बघत राहते... एकतिसाव्या दिवशी तिने कुणालाच फोन केला नव्हता.