मातीचं मशीन

पुठ्ठ्याची खोकी कापणाऱ्या मशीनने तिच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली आणि उरलेली तीन आखडून बसली. त्याहून वाईट म्हणजे चौकशीच्या कागदावर छापून आलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. खरं काय ते तिला ठाऊक होतं. पात्यांपुढच्या जाळीचं दार उघडलं की मशीन बंद पडायला हवं. पण माल भराभर निघावा म्हणून सुपरवायझरने दाराचा खटका तारेने बांधून टाकला होता, म्हणजे दार उघडं असलं तरी मशीन चालूच. अपघात झाला, आणि रुग्णवाहिका यायच्या आत त्यानेच ती तार गुपचूप काढली. बोलायला भारी गोड, म्हणून सगळे त्याला साखरतोंड्या म्हणत. असल्या साखरेला मुंगीसुद्धा शिवू नये.

घरी नवरा म्हणाला, "तुझंच लक्ष नसेल गं."

तेव्हापासून तिची दातखीळच बसली. दोन महिन्यांनी फेरचौकशी होती. तिथे बोलली नाही तर खापर कायमचं तिच्याच डोक्यावर, आणि तोंडातून तर शब्द फुटेना.

डॉक्टरांनी तिला इस्पितळातल्या कलेच्या उपचारवर्गात धाडलं. तिथल्या मॅडमनी पुढ्यात मातीचा गोळा ठेवला. "वाटेल ते करा, ताई. इथे कुणी चूक काढत नाही."

तिने साखरतोंड्याचं थोबाड समजून गोळा बडवायला घेतला. दोन आठवडे नुसतं बडवणं. मॅडम दर वेळी गोळा मोठा देत गेल्या. तिसऱ्या आठवड्यात आखडलेली बोटं उघडू लागली, झोपही लागू लागली. पण बरं वाटलं म्हणून सूड विसरणाऱ्यांतली ती नव्हे. उलट डोकं थंड झालं आणि तिला नीट विचार करता येऊ लागला.

मग तिने मशीन घडवलं. हातभर लांब, रूळ, पाती, जाळी, बटणं, सगळं जिथल्या तिथे. शेवटी जुन्या चार्जरमधली तांब्याची तार उजवीकडच्या खटक्याला गुंडाळली आणि बराच वेळ बघत बसली. तिच्या अकरा वर्षांच्या नोकरीत साखरतोंड्याने कुणाची चूक पोटात घातली नव्हती. लेबल केसभर वाकडं दिसलं तरी हातातला घास टाकून ते सरळ करायला उठायचा. तिने तार सोडली आणि डावीकडच्या बिजागरीला बांधली.

"बदललंत?" मॅडमनी विचारलं.

"चुकवलं," ती म्हणाली. अपघातानंतर पहिल्यांदाच तिला हसू आलं होतं.

फेरचौकशीला नवरा बरोबर आला. टेबलापलीकडे तपासनीस, बाजूला साखरतोंड्या. "सांगा काय झालं," तपासनीस म्हणाले. तिची जीभ टाळ्याला चिकटली. तिने मशीन टेबलावर ठेवलं.

साखरतोंड्या कौतुकाने वाकला. "वा, छानच!" मग त्याच्या कपाळाला आठी पडली. राहवेना बिचाऱ्याला. "अहो बाई, अकरा वर्षं काम केलंत आणि एवढंही कळेना? बिजागरीला तार बांधून काय होणार? तार इकडे होती, या खटक्याला!"

त्याचं बोट खटक्यावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

"कुठली तार?" तपासनीसांनी चष्मा काढला. "तुमच्या अहवालात तारेचा साधा उल्लेखसुद्धा नाही."

साखरतोंड्याच्या तोंडचं पाणी पळालं. आणि तिची जीभ सुटली. कुणी बांधली, कधी बांधली, किती वेळा सांगूनही सोडली नाही, काढून कुठल्या खिशात घातली, सगळं तिने ओळीने सांगितलं. तो मधे बोलायला गेला तेव्हा तपासनीसांनी नुसता हात वर केला. तार आपणच बांधल्याच्या जबाबावर साखरतोंड्याने मुकाट सही केली. ते तिने डोळे भरून पाहिलं. काळजाला असा गारवा मिळाला की तो मुरेपर्यंत ती खुर्चीतून उठलीच नाही.

निघताना नवरा खालच्या आवाजात म्हणाला, "आण, मी घेतो ते. जड आहे."

"हात लावू नकोस," ती म्हणाली आणि डाव्या हाताने आणि उजव्याच्या तीन बोटांनी मशीन उचलून त्याच्यापुढे चालू लागली.