पात्याचा सूर

पंचफुलाबाईनं कणकेत घातलेले हात तसेच वर काढले आणि कान टवकारले.

मागच्या टिनाच्या शेडमध्ये लाकूड कापायचा आरा चालू होता. इंजिनाची पुकपुक आणि तिच्यावर पात्याचा लांबलचक सूर, तंबोऱ्याची तार छेडून सोडून द्यावी तसा. हा आवाज त्या घराला आता चुलीच्या धुराइतकाच सवयीचा. पण आज त्या सुरात खडा लागत होता. टक्. पात्याचा फेरा पुरा झाला की पुन्हा टक्.

‘ऐकलं असंन त्याइनं,’ असं मनाशी म्हणून तिनं गोळा दाबला. खडा काही थांबेना. मग मात्र ती तशीच उठून धावली.

“अवो, बंद करा! बंद करा थे!”

उकंडराव पाठमोरे होते. बाभळीचं लाकूड दोन्ही हातांनी पात्याला लावून बैलगाडीच्या चाकाच्या घेराचं वळण कापत होते. ती अगदी पाठीशी जाऊन ओरडली, तरी त्यांनी मान वळवली नाही. शेवटी तिनंच कणकेच्या हातांनी लाकडी दांडा ढकलला. इंजिनाचा पट्टा मोकळ्या चाकावर सरकला आणि आरा हळूहळू थांबला.

“काहून बंद केलं वं?” उकंडराव गरजले. “भाऊसिंगच्या चाकाचा शेवटचा पुठ्ठा होता. अर्ध्यात सोडला तं रेघ उठते त्याच्यावर!”

“टकटक करून राह्यलं न थे पातं. तुमाले ऐकू नाई आलं?”

“कायची टकटक?”

तिनं पात्याकडे बोट दाखवलं. उकंडरावांनी वरचं चाक हातानं हळू फिरवलं आणि पात्याच्या पाठीवरून बोट नेलं. सांध्यापाशी बोट अडलं. केसासारखी बारीक चीर, निम्म्याच्या वर आत गेलेली. आणखी थोडे फेरे झाले असते, तर पातं तुटून कुठं गेलं असतं, छातीत की गळ्यात, ते त्या पांडुरंगालाच ठाऊक.

ते बाजूच्या ओंडक्यावर बसले. दांड्यावर कणकेची पाच बोटं उमटली होती, तिकडे पाहत राहिले.

“आज इंजिनाचा आवाज लय होता,” ते म्हणाले.

“हो,” पंचफुलाबाई म्हणाली.

इंजिन रोजच्यासारखंच वाजत होतं.

हा आरा उकंडरावांच्या घरी आला कसा, तेही सांगायला हवं. दुष्काळाचं साल सरलं त्या उन्हाळ्यातली गोष्ट. वाशीमला कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या मागं, रुईच्या झुडपांत, हे धूड पडलेलं होतं. खाली-वर दोन मोठी बिडाची चाकं आणि त्यांच्यावरून फिरणारी, बिनटोकाची, पट्टीसारखी करवत. साहेबाच्या काळातलं मशीन. मालक ते भंगारात घालायला निघाला होता. शेलूबाजारचे उकंडराव सुतार तिथं पोचले. त्यांनी गंज पाहिला नाही, दात पाहिले नाहीत. खिशातून हातोडी काढली, वरच्या चाकावर हलकीशी मारली आणि कान लावून उभे राहिले. बीड आतून तडकलेलं असलं की बद्द वाजतं. हे चाक देवळातल्या घंटेसारखं घुमलं. मग खालचं वाजवलं. तेही घुमलं.

“भाऊसिंग, गाडी जुंप.”

तांड्यावरचा भाऊसिंग बैलगाडी घेऊन सोबत आला होता. तो म्हणाला, “चालते का गा हे?”

“बोलते. बोलते म्हंजे चालते.”

भाऊसिंग शेलूबाजारापर्यंत हसत आला. दिसेल त्याला सांगे, “मशीन घ्याले गेलता का पोरगी पाहाले? गाणं म्हणवून घेतलं अन् पसंत केली!”

उकंडरावांनी त्या पोरीला सजवलं. चाकांना ट्रकच्या ट्यूबची धाव चढवली. पातं हलू नये म्हणून दोन्ही अंगांना तेलात मुरवलेल्या खैराचे ठोकळे बसवले. पात्याची टोकं घासून, पितळ आणि टाकणखार घालून कोळशावर सांधायला शिकले. तेलाचं इंजिन जोडलं. अंगावरच्या उठावाच्या इंग्रजी अक्षरांना पंचफुलाबाई दसऱ्याला हळदकुंकू वाही. ती अक्षरं काय म्हणतात ते कुणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून ती देवाचीच झाली. गाडीच्या चाकाचे बाकदार पुठ्ठे वाकसानं तासता तासता ज्यांचे खांदे गेले, ते सुतारही दुरून बघायला आले.

पण बघण्यासारखी गोष्ट वेगळीच होती. पातं चढवलं की उकंडराव ताण द्यायचा वरचा चक्कर पिळत, अंगठ्यानं पातं छेडत आणि ऐकत. ढिलं पातं भरकटतं, फार ताणलेलं तडकतं. दोहोंच्या मधला एकच सूर त्यांच्या कानात पक्का होता आणि तो त्यांच्या पखवाजाचा होता. मारुतीच्या देवळात चैत्रातला सप्ताह बसला की काल्याच्या कीर्तनाला पखवाज उकंडरावांचाच. कीर्तनकार बुवांचा आवाज उंच, खडीसाखरेसारखा स्वच्छ. ते कमरेला उपरणं बांधून उभे राहिले, टाळकरी दोन्ही अंगांना सरसावले आणि पखवाजावर पहिली थाप पडली, की मंडपातली रडणारी लेकरंसुद्धा उगी राहत. देव तिथं येतो की नाही, हे ज्याला विचारायचं असेल त्यानं त्या घटकेला त्या मंडपात बसून पाहावं.

काला उद्यावर आला होता.

पंचफुलाबाई चहा घेऊन शेडमध्ये आली, तेव्हाही ते त्याच ओंडक्यावर होते. समोर पातं उतरवून ठेवलेलं. तिनं बशी पुढं केली. त्यांनी घेतली नाही.

“एक सांग. गेल्या साली पखवाज सुरात लागला होता का?”

ती पदरानं हात पुसू लागली. हात कोरडेच होते.

“सांग न वं.”

“बुवाइनं पखवाजापायी आपला सूर उतरवला,” ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली. “पयल्याच चरणाले. मंग सारं कीर्तन तसंच केलं, खालच्या सुरात.”

“अन् तू बोलली नाई?”

“बुवा नाई बोलले, मी कायले बोलू?”

“साऱ्या गावाले मालूम हाय?”

“ज्याले कान हायेत त्याले,” ती म्हणून गेली आणि तिनं जीभ चावली.

उकंडरावांनी डोळे मिटले. गेल्या साली काला झाल्यावर मोटारस्टँडवरच्या हॉटेलात बसून ते म्हणाले होते, बुवा थकले आता, आवाजात पयल्यावानी जान नाई राह्यली. चार माणसांत म्हणाले होते. चारही माणसं चहाच्या कपात पाहत बसली होती. त्याचा अर्थ आज लागला.

उन्हं कलली तसा भाऊसिंग चाक न्यायला आला. “झालं का गा?”

“नाई. आरा मोडीत देतो मी. अन् उद्या पखवाजही नाई धरत.”

“अन् मायी गाडी? एका चाकावर नेऊ का?” मग पंचफुलाबाईनं खुणेनं कानाकडे बोट केलं तेव्हा तो ओंडक्यावर शेजारी टेकला आणि मोठ्यानं म्हणाला, “कान गेले तं काय झालं गा! मी चांगल्या कानाचा असून घरात कोनाचं काईच ऐकत नाई. चालूच हाय न संसार!”

उकंडरावांना हसू आलं, पण ते त्यांनी गिळलं. “मानसाचं बोलनं येते रे ऐकू, जवळून. बारीक आवाज गेला. पातं बोलते का बद्द हाय, कसं समजावं मले? एक दिवस कोनाचा जीव जाईन.”

“मले येते न ऐकू,” पंचफुलाबाई म्हणाली.

“तुले काय समजते त्यातलं?”

“भाकरी थापता थापता इतकी वर्सं काय ऐकून राह्यली मंग मी? सांधा थे पातं. चढवा.”

“बाईमानसानं आऱ्यापाशी...”

“दसऱ्याले हळदकुंकू लावाले चालते बाईमानूस,” ती म्हणाली. “अन् आज दांडा कोनं ढकलला?”

भाऊसिंगनं मुंडाशात तोंड लपवलं.

पातं सांधलं गेलं, घासलं गेलं, चढलं. उकंडरावांनी चक्कर पिळला, अंगठ्यानं पातं छेडलं आणि बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. तिनं डोळे मिटले होते. मग तळवा वर केला, अजून चढवा. पुन्हा पीळ, पुन्हा छेड. तळवा पुन्हा वर. त्यांना वाटलं, बस झालं, आता तुटेल. तिनं मान हलवली. आणखी पाव पीळ दिला, तेव्हा तिनं तळवा आडवा धरला. पुरे.

इंजिन सुरू झालं. राहिलेलं वळण पात्यानं लोण्यासारखं कापलं. भाऊसिंगनं कडेवरून बोट फिरवून पाहिलं. अर्ध्यात सुटलेल्या जागी एक पुसट रेघ तेवढी होती.

“हे राहू दे गा,” तो म्हणाला. “वयनीची सही हाय.”

दुसऱ्या दिवशी मंडप गच्च भरला होता. दहीहंडी वर टांगलेली होती. पुरुष एकीकडे, बाया एकीकडे. उकंडराव पखवाज घेऊन आले आणि आपल्या नेहमीच्या जागी बसले. पंचफुलाबाईनं मळून दिलेली कणीक त्यांनी डाव्या तोंडावर थापली. मग हातोडी घेतली आणि उजव्या तोंडावर थाप मारून सूर देणाऱ्या पेटीकडे न पाहता सरळ बायांच्या बाजूला पाहिलं.

“इकडे काय पाहून राह्यला हा?” एक बाई कुजबुजली. कुणी खुदकन हसलं.

पदराआडून पंचफुलाबाईचा तळवा वर झाला. उकंडरावांनी वादी ताणणाऱ्या लाकडी गट्ट्यावर हातोडी मारली, पुन्हा थाप दिली. तळवा वरच. पुन्हा हातोडी. आता साऱ्या मंडपाला कळलं आणि सारा मंडप गप्प झाला. बुवा उपरणं बांधता बांधता थांबून उभे राहिले. त्यांनी घाई केली नाही.

तळवा आडवा झाला.

उकंडरावांनी पखवाज उचलला, कपाळाला लावला. शेजारी पिठाच्या गिरणीचा फुलचंद टाळ घेऊन बसला होता. त्याचा हात कच्चा आहे असं ते जन्मभर म्हणत आले होते. त्याच्या मांडीवर त्यांनी पखवाज ठेवला.

“काका, तुमी?”

“तूच वाजव. लागला हाय.”

त्यांनी त्याचे टाळ घेतले. बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं, ते जरा जास्तच वेळ ठेवलं. बुवांनी दोन्ही हात त्यांच्या पाठीवर ठेवले. मग उकंडराव टाळकऱ्यांच्या रांगेत अगदी शेवटी जाऊन उभे राहिले.

बुवांनी पहिलं चरण उचललं. उकंडरावांना डाव्या तोंडाची घुमारी तेवढी कळली. वरचं काही नाही. बुवांचं तोंड उघडलेलं, गळ्याची शीर ताणलेली. समोरच्याच्या हाताकडे पाहून त्यांनी टाळ वाजवला आणि बायांच्या गर्दीत नजर फिरवली.

पंचफुलाबाई त्यांच्याकडेच पाहत होती. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नव्हतं. बुवांचा सूर चढत होता, तसा तिनं तळवा वर केला. आणखी वर. मग पदराच्या बाहेर, साऱ्या बायांच्या डोक्यांवरून उंच, इतका उंच की हातातल्या बांगड्या घसरून कोपरापर्यंत आल्या.