पंपघराची चावी

पंपघरातल्या गेटवेच्या, म्हणजे पंप नेटला जोडणाऱ्या पेटीला चावी लावलेली असली, तरच ब्रॉनविनला अ‍ॅडलेडमधून नेटवरच्या सुरक्षित बोगद्याने आत शिरून पंप चालवता यायचा. पंपात हात घालणाऱ्याने ती चावी आधी काढून खिशात टाकायची, असा नियम. पण पंपाची देखभाल करणारा म्हातारा मर्व ती खिशात विसरून घरी जायचा आणि ती लावायला दोनशे किलोमीटर परत गाडी हाकायचा.

"आता ती चावी काढूच नकोस बाबा," ब्रॉनविन एकदा वैतागून म्हणाली होती.

सोमवारी जोडणी पहिल्या झटक्यात लागली. पंप बंद दिसला, तिने चालू केला. बोगद्यातून माणूस दिसत नसतो. मर्व कोपरापर्यंत हात घालून आतलं अडकलेलं गवत काढत होता.

त्याला माती दिल्यावर ती पंपघरात गेली. चावी पेटीलाच होती. शेजारी चिकटपट्टीवर मर्वचं अक्षर: "काढू नये. बाईसाहेब ओरडतात."