मास्तरांचं मॉड्यूल

सलग नवव्या दिवशी मास्तरांनी फळ्यावर तोच चौकोन काढून आत ‘पाथ’ लिहिलं, तेव्हा तिच्या डोक्यात तिडीक गेली.

मास्तर म्हणजे कंपनीतले सर्वांत जुने प्रोग्रामर. काहीही पहिलीच्या वर्गापासून शिकवायची खोड, म्हणून हे नाव. शुक्रवारी ते निवृत्त होणार होते आणि तिची बदली त्यांच्या सहीपायी अडली होती. नवरा आणि चार वर्षांची लेक दुसऱ्या गावी, ही इथे भाड्याच्या खोलीत. साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं की मास्तरांच्या माघारी पाथ तिच्याच गळ्यात पडणार. मास्तरांनी ‘हिला मोकळं करायला हरकत नाही’ असं लिहून दिलं, तरच बदली.

मुळात सर्व्हर ज्या रनटाइमवर, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेवर चालतो, त्याच्या पोटातच रोजच्या कामाची मॉड्यूल्स, म्हणजे प्रोग्रामचे तयार तुकडे असतात. कोणी फाइल उघडतं, कोणी फाइलचा पत्ता जोडून देतं. पत्ते जोडणाऱ्याचं नाव पाथ. पण आयत्या गोष्टींवर विश्वास ठेवतील तर ते मास्तर कसले? अकरा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःचं पाथ लिहून त्याच नावाने रनटाइमच्या बाहेर ठेवलं आणि तळहाताच्या फोडासारखं जपलं. कंपनीच्या सर्व्हरवर इस्पितळांचे अहवाल असत; एखाद्या रुग्णाचा तपासणी-अहवाल सापडेनासा झाला की मास्तर पाथमध्ये दुरुस्ती करत, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करत, आणि अहवाल सापडे.

“हे एकदा नीट डोक्यात बसू दे,” मास्तर म्हणाले, “मग तुला कसली भीती नाही.”

“बसलंय, मास्तर. आता ते उठायचं नाव घेत नाही,” ती म्हणाली. मास्तरांनी दुसरा चौकोन काढला.

दुपारी वैतागून तिने चाचणीच्या मशीनवर मास्तरांच्या पाथमध्ये एक ओळ घातली, ‘मी चाललो’ असं पडद्यावर छापणारी. काहीच छापलं गेलं नाही. तिने सर्व्हर बंद-चालू करून दोनदा तपासलं. मग सरळ ते अख्खं फोल्डरच उडवलं आणि पुन्हा बंद-चालू केलं. सर्व्हर मजेत चालू.

मग कुठे तिच्या लक्षात आलं. नाव सारखं असलं की रनटाइम आधी स्वतःचं घेतो, बाहेर ढुंकूनही बघत नाही. अकरा वर्षांत मास्तरांची एक ओळसुद्धा चालली नव्हती. अहवाल सापडत होते ते सर्व्हर बंद-चालू केल्यामुळे.

तिला आधी हसू फुटलं, मग संताप आला. नऊ दिवस! लेकीशी धड बोलणं नाही, आणि कशासाठी, तर ह्यासाठी. ती तरातरा मास्तरांच्या टेबलाशी गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

मास्तरांनी स्वतःच्या मशीनवर फोल्डर उडवलं, सर्व्हर चालू केला, एकामागून एक दहा अहवाल उघडले. दहाही उघडले.

“आमच्या हिचं ऑपरेशन होतं त्या दिवशी,” ते म्हणाले, “मी बाहेरच्या बाकावर लॅपटॉप घेऊन हेच दुरुस्त करत होतो. तिला आत नेलं तेव्हा मान वर केली नाही मी. अजून बोलून दाखवते ती. मी म्हणतो, तुला नाही कळायचं, तिकडे लोकांचे अहवाल अडले होते.”

तिचा सगळा राग जागच्या जागी विरला. आपण जरा दमाने सांगायला हवं होतं, एवढंच तिला वाटत राहिलं.

मास्तरांनी खणातून तिचा अर्ज काढला. ‘सोपवण्याच्या कामाचा तपशील’ ह्या रकान्यात त्यांनी सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं: सोपवण्यासारखं काही नाही. खाली सही केली.

“घे,” ते म्हणाले. “आणि आधी लेकीला फोन कर.”

कागद तिच्या हातात होता, पण पाय निघेना. मास्तरांनी तोवर स्वतःचा फोन उचलून घरचा नंबर लावला होता.