आडव्या चावीचा हात

माघाच्या उन्हात अंगणात पसरलेल्या तुरीच्या शेंगा आपोआप तडकतात, तो नाद तुम्ही ऐकलाच असेल. एक इथं, एक तिथं, मग क्षणभर निःशब्द, मग दोन-तीन एकदम. आमच्या ह्यांच्या चावीचा नाद अगदी तसा होता. आजही पालीच्या आमच्या अंगणात तूर वाळत घातली, की पाठमोरी असले तरी मी दचकते, आणि कुणी पाहत नसतानाही शरमेनं पदर सारखा करते.

चावी म्हणजे कुलपाची नव्हे हो, तारेची. ह्यांचं सगळं आयुष्य तारघरात गेलं. पुढं तारा बंद झाल्या, पण बोटांतली टिंब-रेघांची लय काही निवृत्त झाली नाही. हौशी रेडिओचा परवाना त्यांनी काढला होता आणि त्या छंदातही ध्यास एकाच वस्तूचा: आडव्या चावीचा. साधी चावी खाली-वर दाबतात, ही डावी-उजवीकडं झुलते. करवतीचं पातं, दोन पितळी खिळे आणि बुडाला जड लाकूड, एवढाच तिचा देह. ते लाकूड म्हणजे माझं तडकलेलं सागवानी पोळपाट, न विचारता पळवलेलं! दोन दिवस मी बोलले नव्हते. पण खरं सांगते, सकाळची तिरीप त्या पितळेवर पडून तिचा कवडसा धरणाच्या पाण्यासारखा ह्यांच्या कपाळावर हलू लागला, की हातातलं पीठ तसंच ठेवून मी उंबऱ्यात उभी राहायची.

असल्या चाव्या घरी घडवणाऱ्या वेड्यांचा फोनवर एक गट होता. कुणी कोचीनचा, कुणी कलकत्त्याचा, एक आपले केजचे मास्तर. दर रविवारी सकाळी हजेरी: ज्यानं त्यानं आपल्या चावीवर आपलं रेडिओचं नाव वाजवायचं आणि तो आवाज गटावर धाडायचा. लिहून चालत नसे. अक्षराला वळण असतं तसा चावीला हात असतो म्हणे, आणि ही माणसं एकमेकांचे चेहरे न पाहता हात ओळखायची. त्यांच्यातलं कुणी वारलं की तो ‘मूक चावी’ झाला म्हणत. त्या दिवशी प्रत्येक जण त्याचं नाव एकदा वाजवी, मिनिटभर बोटं उचलून धरी, आणि पुढल्या हजेरीत ते नाव पुकारलं जात नसे.

मग ह्यांची उजवी बाजू गेली. आश्विनात डोंगरावर सीताफळं डोळे उघडत होती आणि ह्यांचा उजवा हात मांडीवर निजून राहिला होता, परक्या घरच्या पाहुण्यासारखा. तरी हे खचले नाहीत. डाव्या हातानं नव्यानं शिकू लागले. तो नाद अडखळे, घसरे, एका टिंबाची तीन टिंबं होत, आणि तसाच तो हे रविवारी गटावर धाडत. मला ते सहन होईना. ज्या हाताची तारघरात वाहवा झाली, त्याचं हे बोबडेपण चारचौघांनी ऐकावं? बघा, मी त्याला माया समजत होते. ती माया नव्हती, लाज होती. एका दुपारी हे झोपले असताना मी त्यांच्या फोनवरून त्यांना गटातून काढलं. गटातल्या कुणाचा फोन आला की तो कापत गेले.

रविवारी हे विचारत, “हजेरी आली का गं?”

“रेंज न्हाई,” मी म्हणे.

असे चार रविवार गेले. पाचव्याला केजचे मास्तर आले, लेकीकडून महिन्यानं परतलेले, चेहरा पडलेला. अंगणात उन्हाला बसलेल्या ह्यांना पाहून ते फाटकातच थबकले.

“आरं, तू हाईस की बे! आमी तर तुला पोचवून बसलो!”

“मग चहा पी अन् पुन्हा पोचव,” हे म्हणाले. जीभ जड, पण हसू शाबूत.

आजारी माणूस गटातून नाहीसा झाला, फोन कुणी उचलेना. गटानं मानलं, गेला. मास्तरांनी त्या ‘मूक चावी’च्या निरोपाचे आवाज फोनवर लावले. एकामागून एक चाव्या ह्यांचं नाव घेत होत्या आणि हे मान कलती करून डोळे मिटून ऐकत होते. “हा कोचीनचा, लई घाई ह्याला. हा कलकत्त्याचा, शेवटची रेघ लांबवतो.” जितेपणी स्वतःचं श्राद्ध ऐकणाऱ्या त्या मुद्रेवर मला कडवटपणा शोधूनही सापडला नाही.

“पण गट कावून सोडला तू?” मास्तरांनी विचारलं.

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. दुसऱ्याच्या घरची वाईट बातमी उतरवून घेतानाही चेहरा कोरा ठेवायची त्यांना तारघरानं सवय लावली होती. तोच कोरा चेहरा त्यांनी माझ्यासाठी ठेवला.

“इथं रेंजच नसती मास्तर,” ते म्हणाले, “धरणाच्या अंगाला.”

माझंच खोटं, माझ्यावर पांघरूण म्हणून घातलेलं. मास्तर म्हणाले, पुन्हा नाव घालतो. हे म्हणाले, “ऱ्हाऊ दे. एवढा चांगला निरोप मोडू नगंस.” त्यानंतर त्यांनी मला रेंजचं कधी विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, करता करता चैत्र आला, आणि चैत्रात हे गेले.

तेराव्यानंतर मी मास्तरांकरवी गटाला सगळं कळवलं, एक अक्षर न लपवता. कुणी दूषण दिलं नाही. मास्तरांनी फक्त ह्यांच्या डाव्या हाताचे सगळे आवाज मला पाठवले. गटातल्या पुष्कळांनी ते जपून ठेवले होते. म्हणाले, “वहिनी, तो हात बी आमी वळखत होतो.”

त्यातल्या एकात नाद अडखळत चालला आहे, आणि मागून एक चिडका आवाज येतो: “पुरं करा ती टकटक, लोक हसतील!” तो माझा. मग डाव्या हातानं, सावकाश, दोनच अक्षरं, आणि आवाज तिथंच संपतो. मास्तरांना अर्थ विचारला. म्हणाले, घरातून हाक आली की आमी हे वाजवतो: जरा थांबा.

पोळपाटावरची ती चावी आता माझ्या उशाशी आहे. तिला हात लावायचं धाडस मला अजून झालेलं नाही. ऋतू कुणासाठी थांबत नाहीत, तूर दरसाल तडकते. मी मात्र त्या दोन अक्षरांपाशी थांबून आहे, आणि त्यांच्यापुढं जे वाजायचं होतं ते माझ्याच आवाजाखाली कुठंतरी दबलेलं, रोज ऐकू येतं.