शिडीने दिलेला फोन

हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी ती मोठी लॉन्ड्री. तिथल्या तीन नंबरच्या रोलरवर दोघी जणी अकरा वर्षं काम करत होत्या. ओली चादर दोन टोकांना धरायची, झटकायची, ताणायची आणि तापलेल्या रोलरच्या तोंडी द्यायची; पलीकडून ती कडक होऊन बाहेर येते. एकटीचं ते काम नाही. एक बुटकी आणि बडबडी, तिला सगळे चिमणी म्हणत. दुसरी ताडमाड, ती शिडी. दोघींची खरी नावं फक्त हजेरीपुस्तकात होती.

अकरा वर्षं गरम कापड हाताळून दोघींच्या बोटांची टोकं निबर झाली होती. चुलीवरचं भांडं त्या फडक्याशिवाय उतरवत, पण काचेच्या फोनला त्यांची बोटं बोटं वाटतच नसत. चिमणीने एकदा दुकानात तसला फोन हातात घेऊन पाहिला होता. बोट टेकवलं, दाबलं, घासलं, फोन ढिम्म.

"मावशी, हलकेच लावा बोट," दुकानदार म्हणाला.

"अरे, हलकेच काय, विनवण्या करून झाल्या," चिमणी म्हणाली आणि फोन परत ठेवला.

म्हणून मग दोघींनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच कंपनीचे दोन फोन घेतले होते. स्क्रीन बाजूला सरकवली की खालून बटणांचा कीबोर्ड बाहेर येई. खरी, उंचवटा असलेली बटणं. दाबलं की दाबल्यासारखं वाटे. तसे फोन बनणं तेव्हाच बंद होत आलं होतं. दुकानात ते दोनच शिल्लक होते. महिन्याभरात दोघींचा हात असा बसला की खिशात फोन ठेवून, न बघता, अख्खं वाक्य टाइप करत. मशीनच्या घरघरीत बोललेलं ऐकू येत नसे, त्यामुळे चहाच्या सुट्टीत एकाच बाकावर बसून त्या एकमेकींना मेसेज पाठवत आणि खुदखुदत. समोर बसलेल्या सुपरवायझरला वाटे, बायकांना घरून काहीतरी गमतीचं आलंय. गंमत बहुधा त्याचीच असे.

पाच वर्षांपूर्वी चिमणीला घरी, भांडी घासताना, फिट आली. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, आणि त्यानंतर पुन्हा कधी काही झालं नाही. घरात नवऱ्याला माहीत होतं. बाहेर तिने फक्त शिडीला सांगितलं.

"हे पोटात ठेव गं."

"माझ्या पोटात गेलं म्हणजे विहिरीत गेलं," शिडी म्हणाली. "आणि रोलरची भीती बाळगू नको. दुसऱ्या टोकाला मी आहे ना."

ती खरोखर होती. पहिले काही महिने तर शिडीचा एक डोळा चादरीवर आणि एक चिमणीवर असे.

पुढे, दोन वर्षांपूर्वी, जुना सुपरवायझर निवृत्त झाला. त्याची खुर्ची चिमणीला मिळणार हे लॉन्ड्रीत सगळे धरूनच चालले होते. तिला चारही रोलरचं काम येत होतं, हिशोब चोख होता, आणि बायका तिचं ऐकत. मॅनेजरने स्वतः बोलावून विचारलंही होतं, "जबाबदारी घ्याल ना?" आठवड्याने नोटीस लागली ती दुसऱ्याच्याच नावाची. गाड्या भरणाऱ्या विभागातला एक जण आणून बसवला, ज्याला अभ्रा आणि टेबलक्लॉथ यातला फरक विचारावा लागे. मॅनेजर एवढंच म्हणाला, "वरून निर्णय आलाय."

चिमणी कपडे बदलायच्या खोलीत रडली. शिडी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मॅनेजरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. चिमणीपेक्षा तीच जास्त चिडलेली. त्या संध्याकाळी तिने चिमणीला घरापर्यंत सोडलं, आणि चिमणीच्या नवऱ्याला बजावलं, "आज हिला स्वयंपाक करू देऊ नका."

दोन वर्षं अशीच गेली. यंदा शिडीचा फोन जिन्यावरून पडला आणि त्याची स्क्रीन काळीठिक्कर झाली. तिच्या लेकीने तिला नवा काचेचा फोन आणून दिला. बोटं चालत नाहीत म्हणून शिडी त्याच्याशी बोलून मेसेज लिहू लागली. फोन 'साबण' ऐकून 'श्रावण' लिही, आणि चिमणी बसल्या जागी हसे. मग चिमणीच्याच फोनची बटणं बंद पडली. स्क्रीन उत्तम, पण कीबोर्ड मुका.

दुसऱ्याच दिवशी शिडीने रुमालात गुंडाळून आपला जुना फोन आणला. "माझ्या लेखी हा मेलाय. ह्याची हाडं तुझ्याला बसतात का बघ."

"लेकीला विचारलंस का?"

"फोन माझा, लेकीला काय विचारायचं? घे गं."

मोबाईल दुरुस्त करणारे गृहस्थ वयस्क होते. डोळ्याला भिंग लावून त्यांनी दोन्ही फोन उघडले. "तुमची आतली पट्टी तुटलीय," ते म्हणाले. "रोज सरकवून सरकवून झिजते ती. आता कुठे मिळत नाही. ह्या दुसऱ्या फोनमधली काढायला गेलो तर तीही फाटेल. त्यापेक्षा तुमची स्क्रीन ह्या दुसऱ्याला लावतो. धड ह्याचं, तोंड तुमचं."

तासाभराने त्यांनी फोन चालू करून दाखवला. "ह्याच्या आतले जुने फोटो, मेसेज सगळे शाबूत आहेत. पुसून टाकू?"

"थांबा. मैत्रिणीच्या लेकीचे फोटो असतील त्यात. विचारते तिला."

दुकानाबाहेर बाक होता. चिमणी तिथे बसली, फोन सरकवला आणि फोटो पाहिले. चार होते, चारही अंगठ्याचे. मग मेसेज उघडले. यादी लहानशी होती: लेक, बहीण, गॅसवाला, बँक, आणि सगळ्यात वर 'चिमणी'. स्वतःचेच मेसेज दुसरीच्या बाजूने वाचताना तिला मजा वाटली. किती फालतू बडबड करतो आपण, असं मनात म्हणत ती यादीवर परत आली, आणि तळाशी 'मॅनेजर साहेब' दिसलं. खाली त्याच्या शेवटच्या मेसेजची ओळ होती: 'बरं झालं सांगितलंत. तुमचं नाव कुठेही येणार नाही.'

दुसऱ्याचं वाचू नये, हे तिला कळत होतं. पण तारीख पाहिली, खुर्चीच्या नोटिशीच्या चारच दिवस आधीची, आणि तिचा अंगठा आपोआप दाबला गेला.

वर शिडीचा मेसेज होता. 'साहेब एक सांगायचं होतं. चिमणीला फिट येतात. गोळ्या चालू आहेत. खुर्चीवर बसवलं आणि काही झालं तर तुमच्यावर येईल. मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका.'

वेळ होती अकरा वाजून दहा मिनिटं. चिमणी परत आपल्या नावावर गेली आणि खाली, खाली, त्या तारखेपर्यंत गेली. अकरा वाजून सोळा मिनिटांनी शिडीने तिला लिहिलं होतं: 'टेन्शन घेऊ नको. खुर्ची तुझीच. पार्टी हवी हां मला.'

म्हणजे चहाची सुट्टी. म्हणजे त्याच बाकावर, शेजारी बसून. तिला तो दिवस आठवत नव्हता, पण बाक आठवत होता, आणि शिडीचं कोपर आपल्या कोपराला लागतं ते आठवत होतं.

मोबाईलवाल्यांनी आतून विचारलं, "पुसायचं का मग?"

"नाही," ती म्हणाली. "राहू दे."

घरी तिने नवऱ्याला दाखवलं. त्याने दोनदा वाचलं आणि फोन टेबलावर उलटा ठेवला. "आपल्याकडे जेवायला बसायची ही," तो म्हणाला.

सकाळी रोलरवर शिडी नेहमीसारखी आली. "झाला का फोन?"

"झाला."

पहिली चादर झटकली तेव्हाच चिमणीचा ठेका चुकला. दुसरी तिरकी गेली, तिसरी चुरगळून अडकली आणि रोलर थांबवावा लागला. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. "बरं वाटत नाही का?" शिडीने कानाशी येऊन विचारलं. तिच्या आवाजात खरीच काळजी होती, आणि चिमणीला त्याचाच जास्त राग आला.

चहाच्या सुट्टीत ती बाकावर बसली नाही. धुतलेल्या कपड्यांच्या गाठोड्यांमागे जाऊन उभी राहिली. शिडी दोन कप घेऊन तिथे आली. चिमणीने फोन सरकवून तिच्या हातात दिला.

शिडीने वाचलं. दोन्ही कप तिने गाठोड्यावर ठेवले. एक कलंडला आणि स्वच्छ चादरीवर चहा पसरला. दोघींपैकी कोणीही तो पुसला नाही.

"तुझ्या काळजीपोटी सांगितलं मी," शिडी म्हणाली.

"काळजीपोटी."

"हो. सुपरवायझरला चारही मशीनमधून फिरावं लागतं. कुठे पडलीस तर?"

"आणि आपल्या रोलरवर? इथून हातभर अंतरावर तो तापलेला असतो. तीन वर्षं मी तिथे उभी होते तेव्हा नाही तुला कोणाला सांगावंसं वाटलं. खुर्ची मिळायची वेळ आली तेव्हाच बरी आठवली माझी फिट."

शिडी एवढी उंच बाई, पण खांदे पडले तशी ती गाठोड्यांएवढीच दिसू लागली.

"तुला हवी होती का ती खुर्ची?" चिमणीने विचारलं. "तसं असतं तर मी समजू शकले असते. मीही लबाडी केली असती कदाचित."

"मला नको होती."

"मग?"

"तू गेली असतीस ना वर." शिडी जमिनीकडे बघत होती. "तिकडे ऑफिसात जेवली असतीस, साहेबांच्या टेबलावर. आणि माझ्या दुसऱ्या टोकाला आणली असती कुठली तरी नवी. मला जमत नाही गं कोणाशी. तुला माहितेय. घरीसुद्धा लेक सोडून कोण आहे मला? त्या दिवशी बाकावर तू सांगत होतीस, खुर्ची मिळाली की असं करीन, तसं करीन. त्यात मी कुठेच नव्हते."

"म्हणून तिथेच बसल्या बसल्या लिहिलंस."

"हो."

"मला सांगता आलं असतं. जाऊ नकोस म्हणायचं."

"ऐकलं असतंस?"

चिमणीने विचार केला. "नसतं ऐकलं," ती म्हणाली. "पण तुझ्यावर रागावले असते, भांडले असते, चार दिवसांनी विसरले असते. हे मी कसं विसरू? मी रडत होते आणि तू पाठीवरून हात फिरवत होतीस. कसा फिरवलास?"

सुट्टी संपल्याची घंटा झाली.

चिमणी रोलरवर गेली नाही. ती जिना चढून थेट मॅनेजरच्या खोलीत गेली आणि उभ्यानेच बोलली. "दोन वर्षांपूर्वी तुम्हाला कळलं की मला फिट येते. त्यावरून मला खुर्ची नाकारलीत. खरं की खोटं?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमचाच मेसेज वाचला. 'बरं झालं सांगितलंत.'"

मॅनेजर सारवासारव करू लागला. कंपनीची जबाबदारी, विमा, सुरक्षितता, तिचंच हित. चिमणीने त्याला पूर्ण बोलू दिलं.

"बरं," ती म्हणाली. "मग त्या सुरक्षिततेपायी मला रोलरवरून का नाही हलवलंत? खुर्चीवर बसायला मी धोक्याची, आणि तापलेल्या लोखंडापुढे उभी राहायला बरी? मला बोलावून एक शब्द विचारला नाहीत. माझ्या डॉक्टरांना विचारलं नाहीत. मी काल भाजले असते तर तुम्ही काय म्हणाला असता, मला माहीत नव्हतं?"

मॅनेजरने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. खालच्या आवाजात त्याने विचारलं, "तो मेसेज अजून आहे तुमच्याकडे?"

"आहे."

पुढच्या गोष्टी मग भराभर झाल्या. डॉक्टरांचं पत्र मागवलं गेलं. पाच वर्षांत एकदाही त्रास नाही, पण गरम यंत्रापासून लांबचं काम दिल्यास उत्तम, असं त्यांनी लिहिलं. सुपरवायझरची खुर्ची काही रिकामी झाली नाही. त्यावरचा माणूस तिथेच राहिला, एव्हाना त्याला अभ्रा ओळखू येऊ लागला होता. चिमणीला शिलाईच्या खोलीत पाठवलं. फाटक्या चादरी तिथे येत, आणि ती मशीनवर त्यांना ठिगळं लावी. शांत खोली, एक खिडकी, बसून काम. सगळे म्हणाले, नशीब काढलंस. ती हो म्हणे. अकरा वर्षं ज्या घरघरीला शिव्या घातल्या, ती कानात नाही म्हणून पहिल्या आठवड्यात तिचं डोकं दुखे.

ती फोन तोच वापरत होती. दुसरा चालणार नव्हता तिच्या बोटांना. शिडीच्या अंगठ्याने काही बटणांवरची अक्षरं पार झिजवली होती, आणि चिमणीचा हात सुरुवातीला त्या गुळगुळीत जागी थबके. नवरा म्हणाला, "नको वाटत असेल तर शोधू कुठेतरी जुना." ती म्हणाली, "फोनने काय केलंय?" आणि एके दिवशी तिने तो जुना मेसेज पुसून टाकला. तिला तो पाठ झाला होता.

तीन आठवड्यांनी शिडी शिलाईच्या खोलीत आली. हातात चादरींचा गठ्ठा होता. असा गठ्ठा आणायला वेगळा माणूस होता. तिने तो त्याच्याकडून मागून घेतला असणार.

"नवी मुलगी जोरात ओढते," ती म्हणाली. "कोपरे फाटतात."

"ठेव तिथे."

शिडीने गठ्ठा ठेवला, पण गेली नाही. "मेसेज केले तुला. पोचले का?"

"पोचले."

"बोलून लिहिते ना, काहीच्या बाही लिहितो तो."

"कळले मला."

शिडी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "माफ नाही ना करणार तू मला?"

चिमणीने मशीनवरचा पाय काढला. तिला खोटं बोलायचं नव्हतं, आणि समोरच्या बाईला शब्दांनी ओरबाडायचंही नव्हतं. "राग गेला आता बराचसा," ती म्हणाली. "माफ केलं म्हण हवं तर. पण यापुढे मला काही झालं, बरं की वाईट, तर ते तुला सांगावंसं वाटणार नाही. ते गेलं. ते मलाही परत आणता येत नाही."

शिडीने मान हलवली. ती जिन्याकडे वळली. चिमणी तिची पावलं ऐकत राहिली. मधल्या वळणावर ती थांबली, मग पुन्हा खाली उतरू लागली. चिमणीने वरची चादर ओढून मांडीवर घेतली आणि कोपरा किती फाटलाय ते पाहू लागली.