ताईची नागीण

ताईच्या डाव्या बरगडीखाली दुखायला लागलं, तेव्हा सगळ्यांनी खापर शिलाई मशीनवर फोडलं. तिचं कपडे अल्टर करून द्यायचं दुकान होतं. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट ढिला कर, असं दिवसभर मान मोडून काम. "अगं, मशीनलाही कधीतरी सुट्टी दे," असं नवरा म्हणाला आणि त्याने शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून दिली. पण हे दुखणं निराळंच होतं. ब्लाऊजचं कापड नुसतं घासलं तरी कातडी भाजल्यासारखी व्हायची.

मग तिथे पुरळ उठलं. लाल चट्टे, त्यांवर पाण्याने भरलेले बारीक फोड, आणि ते सगळे पाठीच्या कण्यापासून निघून बरगडीच्या कडेकडेने पोटापर्यंत आलेले, अर्ध्या पट्ट्यासारखे. कोट न्यायला आलेल्या एका गिऱ्हाईक बाईंनी ते ऐकलं मात्र, त्या दोन पावलं मागेच सरकल्या. "अहो, ही तर नागीण! तोंड नि शेपूट जुळू देऊ नका हं. जुळलं की माणूस संपला."

ताईने कात्री खाली ठेवली आणि धाकट्या बहिणीला फोन लावला.

धाकटी विषाणूंच्या प्रयोगशाळेत होती. नमुने तयार करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, हे तिचं काम. घरात कुणी नुसतं शिंकलं तरी सगळे तिच्या तोंडाकडे बघत. ती आली, तिने फोड पाहिले आणि म्हणाली, "तोंड नाही नि शेपूट नाही. आणि तो वेढा कधी पुरा होत नाही, कारण हे फोड एकाच नसेवर उठतात आणि ती नस शरीराच्या एकाच बाजूला असते. ऊठ, डॉक्टरांकडे जाऊ."

डॉक्टरांनीही नागीणच म्हटलं. गोळ्या दिल्या आणि एका फोडातलं पाणी तपासणीसाठी घेतलं. येताना रिक्षात धाकटीने विचारलं, "लेक कधी येतेय?"

"उद्या." ताईची एकुलती एक लेक गरोदर होती, दिवस भरत आले होते. जावई कामासाठी परगावी होता, म्हणून ती आईकडे राहायला येणार होती. तिच्यासाठी खोली झाडूनपुसून तयार होती.

"तिला कांजिण्या होऊन गेल्यात?"

"कांजिण्यांचा इथे काय संबंध?"

"नागिणीचा आणि कांजिण्यांचा विषाणू एकच, ताई. तुझ्या फोडांतून तिला नागीण नाही होणार, पण आधी झाल्या नसतील तर कांजिण्या होतील. बाळंतपणाच्या तोंडावर आईला कांजिण्या म्हणजे बाळाच्या जिवाशी खेळ."

"झाल्यात तिला," ताई ठामपणे म्हणाली. "खाजवू नये म्हणून मी तिचे दोन्ही हात धरून बसायचे. एवढीशी होती. मांडीवरून उतरायचीच नाही."

धाकटीला नुसत्या आठवणीवर विसंबायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती परस्पर स्टेशनवर गेली, भाचीला उतरवून घेतलं आणि थेट आपल्या घरी नेलं. तिच्या रक्ताची तपासणी होईपर्यंत तिने तिथेच राहायचं, असं मावशी-भाचीने ठरवलं.

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझी लेक, माझ्या दारात यायच्या आधीच तू पळवलीस? तुझ्या त्या काचेखाली किडे बघता बघता तुला माणसंही किडेच वाटायला लागलीत का?" तिने फोन आपटला. मग धाकटीचे फोन ताईच्या नवऱ्यालाच घ्यावे लागले. ताई आत बसून, ऐकू जाईल अशा आवाजात, "मी झोपलेय म्हणून सांगा," म्हणायची.

अहवाल आला तो धाकटीने स्वतः नेऊन दाखवला. भाचीच्या रक्तात कांजिण्यांविरुद्धचं संरक्षण नव्हतं. म्हणजे तिला त्या कधी झाल्याच नव्हत्या.

ताईने कागद दोनदा वाचला. "असं कसं होईल? मला स्पष्ट आठवतंय. तिच्या हातांना मी पायमोजे बांधले होते. निळे."

धाकटीने हळूच विचारलं, "कुठल्या घरात?"

"त्या... उतारावरच्या," असं म्हणता म्हणताच ताई थांबली. उतारावरचं घर तिच्या लहानपणीचं. लेक तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी, दुसऱ्याच गावात जन्मली होती. ताईने बहिणीकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच बघत होती. "तू होतीस ती," ती म्हणाली. "तू पाळण्यातली. लेक नव्हेच. मी तुझे हात धरून बसले होते."

तिने कागदाची घडी घातली. मग ताई नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चहा घेशील ना?" त्यात माफी होती, आणि धाकटीला ती समजली.

फोडांवर खपल्या धरल्या तसं ताईने एक खूळ काढलं. "मला तो दाखव. ज्याच्यापायी मी पोटच्या पोरीला भेटू शकले नाही, तो दिसतो तरी कसा, बघू दे." आपल्याच प्रयोगशाळेत तपासणीला आलेल्या नमुन्याचा उरलेला थेंब रसायनाने निर्जीव करून धाकटीने तांब्याच्या बारीक जाळीवर वाळवून ठेवला होता. वरिष्ठांची परवानगी काढून तिने ताईला सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत नेलं. अंधारी, गार खोली. छतापर्यंत गेलेला लोखंडी खांब, बाजूला पडदा. करड्या पडद्यावर एक गोल आकार सरकत आला आणि थांबला.

"अर्धवट तळलेल्या अंड्यासारखा दिसतोय," ताई म्हणाली.

"आम्हीही तसंच म्हणतो. मधे तो बलक आहे ना, ते प्रथिनांचं कवच. वीस त्रिकोणी बाजू जोडून केलेलं, अगदी काटेकोर. त्याच्या आत एक धागा गुंडाळलेला असतो, त्यावर फक्त सूचना: माझ्यासारखे आणखी कसे करायचे. आणि बाहेरचा पांढरा घोळ म्हणजे स्निग्ध पापुद्रा. साबणाने विरघळतो तो हाच. तो विषाणूचा स्वतःचा नव्हे. बाहेर पडताना आपल्याच पेशीतला पांघरून येतो."

"बाकी? पोट, तोंड?"

"काही नाही. खात नाही, श्वास घेत नाही, हलत नाही. बाहेर नुसता कण. पेशीत शिरला की तिच्याकडून सगळं करून घेतो."

ताईने मान डोलावली. "म्हणजे माझ्या दुकानात घुसायचं, माझ्याच मशीनवर, माझ्याच कापडातून, माझ्याच हातून स्वतःचे कपडे शिवून घ्यायचे. आणि मजुरी म्हणून दुकानच मोडायचं. पण मग इतकी वर्षं हा होता कुठे?"

"तुझ्या पाठीत. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो सगळा जात नाही. नसेतून चढत कण्याजवळच्या मुळाशी जातो आणि तिथे पडून राहतो. कवचही नाही, नुसता धागा. शरीर पहारा देतं. वय झालं, पहारा ढिला पडला, की त्याच नसेवरून खाली उतरतो."

ताई पडद्याकडे बघत राहिली. "मला कांजिण्या ढब्बूने दिल्या होत्या," ती अचानक म्हणाली.

ढब्बू त्यांचा भाऊ. धाकटी चालायला शिकत होती तेव्हाच तो तलावात बुडाला. तिला त्याचा चेहरा आठवत नव्हता, आणि घरात त्याच्याबद्दल बोललं जायचं नाही.

"आईने त्याला वेगळं निजवलं होतं. मी खिडकीतून आत शिरले, पत्ते खेळायला. हरला की चिडून अंगावर पडायचा. मग मला झाल्या, माझ्याकडून तुला." तिने पडद्याकडे बोट केलं. "म्हणजे हा त्याच्याकडचा."

धाकटीच्या तोंडावर आलं होतं की तसं नसतं, हे नकलांच्या नकलांचे वंशज आहेत, त्याच्या अंगातला एकही कण यात नाही. शिवाय माया करण्यासारखं यात काही नव्हतं. या विषाणूने बाळाला मारलंही असतं. पण तिचा हात आपसूक स्वतःच्या कमरेवर गेला. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या अंगातले विषाणू पाहत आली होती. स्वतःच्या कण्यापाशीही एक धागा असेल, आणि तो ज्याच्याकडून आला त्याला आपण कधी ओळखलंच नाही, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

"कसा होता गं तो?" तिने विचारलं.

त्या खोलीत, गार हवेत हात चोळत, ताईने तिला ढब्बूबद्दल सांगितलं. धाकटीने यंत्र बंद करायला उशीर केला.

खपल्या पडून कातडी कोरडी झाल्यावर ताई लेकीला भेटली. पुढे मुलगी झाली, धडधाकट. बाळंतपणानंतर डॉक्टरांनी लेकीला कांजिण्यांची लस सुचवली, तेव्हा ताईने लसीत काय असतं हे विचारलं. "तोच विषाणू, दुबळा केलेला," असं उत्तर मिळालं. लेकीने बाही वर केली. ताईने नात खांद्यावर घेतली, मान वळवली आणि सुई टोचून होईपर्यंत भिंतीवरचं घड्याळ बघत उभी राहिली.